वाटेवरचे मन



एकादशीचा उपवास घडतो, द्वादशीला पारणे सुटते, पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि पंढरी हळूहळू रिकामी होऊ लागते. आपण वळकटी बांधतो, बुक्का आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद पिशवीत घालतो आणि परतीची गाडी गाठतो. त्या गाडीत चढण्यापूर्वी एकदा चंद्रभागेच्या वाळवंटाकडे मागे वळून पाहावे. पाण्याच्या बाटल्या, चहाचे पेले, चकचकीत पत्रावळ्या, पावसासाठी डोक्यावर घेतलेले प्लॅस्टिकचे कागद, जुनी धोतरे-लुगडी. सांगायला संकोच वाटतो, पण न सांगून भागणार नाही.

आता हे कोणी टाकले? परकी माणसे तर आली नव्हती. ज्या मायमाउलीच्या अंगणात रोज पहाटे सडा पडतो आणि रांगोळी उठते, तीच माउली वारीत होती. जो शेतकरी बांधावर एक प्लॅस्टिकची पिशवी दिसली तरी वाकून उचलतो, तोच दिंडीत टाळ वाजवीत होता. मग घरी एक आणि वाटेवर दुसरे, असे का होते? माणूस तोच, गळ्यातली तुळशीची माळ तीच. मग हात का बदलतो? या महिन्याच्या पाठात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

पुष्कळ लोक याला एका शब्दात उत्तर देतात : "अडाणीपणा." आम्हांला हे उत्तर पटत नाही. स्वच्छता चांगली हे कोणाला ठाऊक नाही? शिवाय कायदाही आहे. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकण्याच्या अशा अनेक वस्तूंवर बंदी आली. ज्ञानही आहे आणि कायदाही आहे, तरी आचरण होत नाही. तेव्हा दोष माहितीचा नाही. तो मनाच्या रीतीचा आहे. आणि मनाची रीत ओळखणे हे तर परमार्थाचे पहिले काम!

हे आपलेच पाणी, आपलीच माणसे

कारणे पाहण्यापूर्वी यात आपले काय पणाला लागले आहे ते समजून घेऊ. वारीची वाट नद्यांच्या अंगाने कशी जाते ते मनात आणा. देहू आणि आळंदी या दोन्ही ठिकाणी इंद्रायणी. ती तुळापूरला भीमेस मिळते. पुण्याची मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते. सासवडची कऱ्हा बारामतीवरून खाली जाऊन नीरेस मिळते. आणि जिच्या पाण्यात माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, ती नीरा नरसिंहपूरला भीमेत शिरते. भीमा पंढरपुरास चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला आपण चंद्रभागा म्हणतो. म्हणजे निघताना आपण ज्या ज्या नदीला हात जोडले, ती प्रत्येक नदी आपल्या आधी पंढरीची वाट धरते. आळंदीत सोडलेली घाण मागे राहत नाही. तीही आपल्यासारखीच वारीला निघते. आणि ज्या पाण्याने आपण स्नान करणार, आचमन करणार, तीर्थ म्हणून गडूत भरून घरी नेणार, ते हेच पाणी.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. आपण टाकलेले कोणी तरी उचलते. यात्रेनंतर पंढरपुरात मैला माणसांच्या हातांनी उचलला जात असे, आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या ठराविक जातींच्या वाट्यास येत असे. असे काम कोणाकडून करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली आहे. पंढरपूरचा हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंतही गेला. महाद्वारात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. तिच्यावर आपण डोके ठेवतो. याच मंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केले. चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवायचे आणि आपली घाण मात्र चोखोबांच्याच लेकरांनी उचलावी म्हणून मागे ठेवून जायचे, हे कोणत्या भक्तीत बसते? आम्ही हा प्रश्न दुसऱ्याला विचारीत नाही, स्वतःला विचारतो.

पहिले कारण : डोळा जे पाहतो ते हात करतो

आमचाच एक अनुभव सांगतो. लोणंद सोडून चांदोबाच्या लिंबाकडे चाललो होतो. ऊन चढले होते. वाटेत कोणा सज्जनाने कागदी पेल्यातून पाणी दिले. प्यालो. पेला टाकायला जागा पाहिली, कोठेच नव्हती. रस्त्याच्या कडेला मात्र शेकडो पेले पडलेले. आमचा हात केव्हा सैल झाला ते आम्हांलाच कळले नाही! तेवढ्यात मागून एक वृद्ध बाई आल्या. म्हणाल्या, "माउली, तुमचं कायतरी पडलं बघा." आम्ही खाली पाहिले आणि मान वर करवेना. त्यांच्या पिशवीच्या बंदाला एक पितळी फुलपात्र बांधलेले होते. त्याला हात लावून त्या म्हणाल्या, "ह्यात प्यायलं की टाकायचं काय ऱ्हातच न्हाई." एवढे बोलून त्या नाम घेत पुढे गेल्या. पेला उचलून आम्ही पडशीत ठेवला.

आमचा हात का सैल झाला? जमीन आधीच घाण होती म्हणून. अमेरिकेत चाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोटारींच्या काचेवर जाहिरातीचे कागद लावून ठेवले आणि मालक ते कोठे टाकतात ते पाहिले. जागा स्वच्छ असेल तेथे थोड्यांनी टाकले. जागा आधीच घाण असेल तेथे पुष्कळांनी टाकले. मनुष्य नियमाची पाटी वाचत नाही, तो जमीन वाचतो. पडलेले पेले त्याला सांगतात, "येथे असेच करतात."

हेच तत्त्व उलटे चालविले तर कामास येते. २००८ साली गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशस यांनी हॉटेलात उतरणाऱ्या प्रवाशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टॉवेल रोज धुवायला टाकू नका, पाणी वाचवा, अशी पाटी खोल्यांत लावली. नुसता सृष्टिरक्षणाचा उपदेश होता तेथे शेकडा सुमारे ३७ जणांनी मानले. "बहुतेक पाहुणे तोच टॉवेल पुन्हा वापरतात" असे लिहिले तेथे ४४ जणांनी मानले. आणि "याच खोलीत राहून गेलेले बहुतेक लोक असे करतात" असे लिहिले तेथे सुमारे ४९ जणांनी मानले. पाहा, उपदेशापेक्षा सोबत मोठी. आणि दूरच्या सोबतीपेक्षा जवळची सोबत मोठी. आपल्याला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. सत्संगाचे माहात्म्य आपण दुसऱ्या कशासाठी गातो?

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हे पुस्तकाशिवाय ओळखले होते. गावात आले की आधी हातात खराटा घेत, दिवसभर रस्ते झाडीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. बाबा झाडताहेत हे पाहून गावकऱ्यांचे हात आपोआप खराट्याकडे जात. आधी जमीन बोलली, मग बाबा बोलले.

येथे कीर्तनकार मंडळींना एक नम्र विनंती. "सगळेच घाण करतात, कोणाला लाज नाही," असे रागाने सांगितले की श्रोता मनात काय ऐकतो? "सगळेच करतात" एवढेच! अमेरिकेतील एका राष्ट्रीय उद्यानात प्राचीन लाकडाचे दगड झालेले तुकडे लोक उचलून नेत. "पुष्कळ लोकांनी नेले, त्यामुळे वनाची हानी झाली" असे सांगणारी पाटी लावून पाहिली, तर चोरी वाढली. म्हणून जे चुकतात त्यांची संख्या सांगू नये. जे नीट वागतात त्यांची गोष्ट सांगावी. या लेखाच्या आरंभी आम्हीही तीच चूक केली आहे. वाचकांनी ती पोटात घालावी आणि फुलपात्रवाल्या माउली लक्षात ठेवाव्यात.

दुसरे कारण : "मी एकट्याने काय होणार?"

घराचे अंगण एकाचे असते, वाळवंट सर्वांचे. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, असे मनाला वाटते. डार्ली आणि लाटाने यांचा १९६८ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. शेजारच्या खोलीतील मनुष्याला झटका आल्याचा आवाज येतो. ऐकणारा आपण एकटेच आहोत असे समजत असेल तर शेकडा ८५ जण मदतीस धावले. आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटले तेव्हा ३१ जणच वेळेवर उठले. माणसे दुष्ट नव्हती. जबाबदारी वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्यास थोडी थोडी आली. चारांत एवढे, तर लाखांत काय?

यावर उपाय एकच. जबाबदारी पुन्हा लहान करावी. "वारी स्वच्छ ठेवा" ही आज्ञा कोणाचीच नाही. "आपल्या दिंडीची राहुटी उठली की तिची जागा आजच्या पाळीच्या पाच जणांनी पाहायची," ही आज्ञा पाच जणांची आहे. आपल्या दिंड्यांना क्रमांक आहेत, विणेकरी ठरलेला आहे, स्वयंपाकाची पाळी ठरलेली आहे. मग झाडण्याची पाळी का नसावी?

तिसरे कारण : सोय

मनाला चांगले करण्याची इच्छा असते, पण पाय सोयीच्या वाटेने जातात. येथे माणसाला दोष देण्याआधी व्यवस्थेकडे पाहावे. पहाटेच्या अंधारात हजारो बायाबापड्यांना आडोसा नसेल तर त्यांनी काय करावे? कित्येक भगिनी तर वाटेवर जावे लागेल म्हणून दिवसभर पाणीच कमी पितात. त्यांना स्वच्छतेवर व्याख्यान देणे हा अन्याय होय. गेल्या दहा वर्षांत "निर्मल वारी"सारख्या उपक्रमांतून मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये येऊ लागली. पंढरपुरात ६५ एकरांच्या जागेवर दिंड्यांची सोय झाली. सोय झाली तेव्हा तेच लोक रांगा लावून तिचा उपयोग करू लागले. यावरून काय दिसते? स्वभाव बदलला नाही, वाट सोपी झाली.

प्रवासाचेही तसेच. एका घरातील चार माणसे स्वतंत्र मोटार करून पंढरीस जातात. का? "एसटीची खात्री नाही, म्हातारीला चढवत नाही." ही अडचण खरी आहे. परंतु गावाने चार दिवस आधी नावे गोळा करून पूर्ण गाडी ठरविली, म्हातारीला पुढचे आसन राखले, तर दहा मोटारींचे काम एक गाडी करते. धूर कमी, पैसा कमी, आणि गाडीत भजन होते ते वेगळेच!

चौथे कारण : पुण्याची सवलत

हे कारण सर्वांत सूक्ष्म आहे आणि भाविकाला तेच अधिक फसवते. आपण एवढे चाललो, पाय फोडले, उपवास केला. मग एक पत्रावळ इकडे-तिकडे पडली तर विठोबा काय रागावणार आहे? एक चांगले काम केले की मन स्वतःला दुसरीकडे थोडी सूट देते. मानसशास्त्र याला नैतिक सवलत म्हणते; आपण याला अहंकाराची वळवळ म्हणू. शिवाय घर सोडले की मन सैल होते. घरी पाणी-वीज जपणारी माणसे प्रवासात तशी जपत नाहीत, हे अभ्यासकांना पुन्हा पुन्हा आढळले आहे. ओळखीचे डोळे नसतात, उद्या येथे राहायचे नसते.

पण वारकऱ्याला वाट परकी कशी? आपण तर वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला "माउली" म्हणतो आणि पाया पडतो. ज्याच्या पाया पडलो त्याच्या शेतात उष्टे टाकून जाणे हे त्या नमस्काराशी जुळत नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे येतात, त्यांत शौच हे एक आहे आणि ते आत-बाहेर दोन्हीकडचे आहे. तेव्हा स्वच्छता ही वारीला जोडलेली सरकारी योजना नव्हे. ती साधनेचाच भाग आहे. "मला कचरा टाकू नका असे सांगितले आहे" आणि "मी माळकरी आहे, मी टाकीत नाही" या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. पहिले वाक्य पोलीस दिसेनासा झाला की संपते. दुसरे एकांतातही टिकते. मांसाहार सोडताना आपण कोणाच्या पहाऱ्याची वाट पाहिली होती का?

मग करावे काय?

वरच्या चारही कारणांचा सारांश असा की चांगला निर्णय भर दुपारी, तहानलेल्या माणसाकडून, गर्दीत होत नाही. तो आधी व्हावा लागतो. "प्रयत्न करीन" हा निश्चय वाटेत विरतो. "अमुक वेळ आली की अमुक करीन" हा निश्चय टिकतो. म्हणून निर्णय घरी करावा, आणि दिंडीने मिळून करावा.

१. वारीची नावे व पैसे घेतानाच सांगावे : प्रत्येकाने ताट, वाटी आणि फुलपात्र आणायचे. कोणी पेल्यातून पाणी देऊ लागला की आपले भांडे पुढे करायचे. देणाऱ्याचा मान राहतो आणि पेलाही वाचतो.

२. पत्रावळीच लागल्या तर पानांच्या घ्याव्यात. कागदाच्या म्हणून मिळणाऱ्या कित्येकांवर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. पानाची पत्रावळ खतात जाते. प्लॅस्टिक गाईच्या पोटात जाते.

३. मुक्काम हलताना पाळीच्या मंडळींनी जागा झाडून मगच राहुटीची दोरी शेवटची सोडावी. मागून येणाऱ्या दिंडीला जमीन स्वच्छ दिसली की अर्धे काम झाले.

४. चंद्रभागेत कपडे, निर्माल्य, साबण सोडू नये. स्नान हे घेण्यासाठी आहे, टाकण्यासाठी नाही.

५. गावच्या सप्ताहातही हाच नेम चालवावा. महाप्रसादाला थोडे वाढावे, पुन्हा वाढावे. ताटात टाकू देऊ नये. सजावटीस थर्माकोल नको, आंब्याचे डहाळे आणि केळीचे खुंट पुरेत.

दोन शंका

कोणी म्हणेल, "अहो, शहरांचे सांडपाणी नदीत येते, त्यापुढे आमच्या पेल्याची काय कथा?" शंका खरी आहे. पुण्याकडचे पाणी उजनीत येते आणि तेथून खाली सोडलेले पाणी पंढरीस येते. शहरांनी ते शुद्ध करूनच सोडले पाहिजे. २०१६ साली शासनाने "नमामि चंद्रभागा" जाहीर केले, त्याचा हिशेब आपण मागितलाच पाहिजे. परंतु हिशेब मागणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ असले की त्याच्या शब्दाला वजन येते. एक काम दुसऱ्याची सबब होऊ नये.

दुसरी शंका : "लाखो लोक कसे ऐकणार?" यास उत्तर आपल्याच सोहळ्यात आहे. माउलींच्या पालखीच्या मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतात. क्षणापूर्वी हजारो टाळ-मृदंग गर्जत असतात. दंड वर जाताच सर्व शांत होते. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात, आणि चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतात. तेथे लाठी नाही, दंडाची पावती नाही. आपण वारकरी आहोत आणि येथे असेच करतात, एवढीच जाणीव लाखोंना एका क्षणात थांबवते. ज्या समाजाला हे साधते, त्याला एक फुलपात्र बरोबर बाळगणे साधणार नाही, असे आम्हांला वाटत नाही.

असो. पुढच्या वारीला वाचकांपैकी कोणी वाटेत भेटले तर त्यांनी आमच्या पिशवीच्या बंदाकडे अवश्य पाहावे. फुलपात्र दिसले नाही, तर संकोच न करता म्हणावे, "माउली, तुमचं कायतरी पडलं बघा."

रामकृष्णहरि!